बेटावरच्या दगडावरची तारीख

कोल्हारच्या खालच्या अंगाला प्रवरेच्या पात्रात एक बेट आहे. नदी तेथे दोन धारांत फुटते, सुमारे दोन फर्लांग वेगवेगळी वाहते आणि पुन्हा एक होते. मधल्या जमिनीला गावात नुसते ‘बेट’ म्हणत. मी त्या गावच्या शाळेत बारा वर्षे शिक्षिका होते आणि दर हिवाळ्यात मुलांना वनभोजनासाठी तेथे नेत असे. त्यामुळे बेटावर कोठे काय आहे हे मला नकाशासारखे पाठ होते: वरच्या टोकाला चिंचा, मध्ये करंज आणि जांभळे, पाण्याच्या कडेने सादडे आणि खालच्या टोकाला शेंदूर फासलेला म्हसोबा. म्हसोबाच्या धाकाने तेथली फांदी कोणी तोडत नसे. एरवी उघड्या असलेल्या त्या मुलखात एवढे दाट रान टिकले ते त्यामुळेच.

बदली होऊन मी पारनेर तालुक्यात आले, त्याला चौथे वर्ष चालू असताना जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र आले. पावसाळा होता, पण तो केवळ पंचांगापुरता. मुख्याध्यापकांनी लिहिले होते की ग्रामपंचायत बेटावर उद्यान करत आहे. दुष्काळी कामातून आत फिरण्यासाठी वाटा काढायच्या आहेत आणि मधोमध एक स्मारक उभारायचे आहे. आदल्या वर्षीच्या लढाईत गावचा एकच जवान कामी आला होता. तो माझा विद्यार्थी. स्मारकाचे अनावरण पंधरा ऑगस्टला होते आणि त्याची पहिली शिक्षिका म्हणून मी यावे, असा आग्रह होता. शेवटी त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली होती: जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घेतली आहे, नोंद आपल्याच हातची आहे आणि अक्षर अजून छापल्यासारखे दिसते.

मी गेले नाही. पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेतही झेंडावंदन असल्याचे कळवले. ते खरे होते, पण माझ्या न जाण्याचे कारण ते नव्हते.

ते कारण नीट समजावे म्हणून शाळेतील एक जुनी पद्धत येथे सांगायला हवी. त्या काळी खेड्यातील फार थोड्या घरांत मुलाची जन्मतारीख लिहून ठेवलेली असे. मूल कधी झाले असे विचारले की उत्तर मिळे: पूर आला त्या साली, तांबडी गाय व्याली तेव्हा, थोरल्या दिराच्या लग्नाच्या आदल्या महिन्यात. रजिस्टरात मात्र दिवस, महिना आणि वर्ष असे तीन रकाने असत आणि तिन्ही भरावे लागत. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि पहिलीत येणाऱ्या मुलाला सहा वर्षे पुरी झालेली हवीत. म्हणून शिक्षक मुलाकडे पाहत, सहा वर्षे मागे जात आणि ‘एक जून’ लिहीत. माझ्या पिढीच्या हातून गेलेल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस कागदावर एक जून आहे. ही लबाडी आहे असे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. नाही, असेही कोणी शिकवले नव्हते.

या मुलाची गोष्ट वेगळी होती. त्याच्या बाबतीत मला माहीत होते.

माझी शाळा तेव्हा एकशिक्षकी होती. चार इयत्ता, एक खोली आणि मी. लग्नानंतर दोनच वर्षांत पती गेले. मग मी ट्रेनिंग केले आणि नेमणूक मिळाली तेथे एकटी येऊन राहिले. शाळेमागच्या खोलीत माझा संसार होता: एक कॉट, एक स्टो आणि दाराला आतून दोन कड्या. पाच वाजता मुले घरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मोठे माणूस माझ्याशी बोलत नसे. दूधवाली दूध घाली तेही बोलता बोलता, पण ते बोलणे तिच्या म्हशीशी असे. गाव वाईट नव्हते. एकट्या बाईकडे उगाच जाऊन बसू नये, असा त्यांचा भला विचार होता.

पट ठरावीक आकड्याला पोचला की शाळेला दुसरा शिक्षक मिळे. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी दारोदार पटनोंदणी केली आणि एक मूल कमी पडले. फक्त एक. शेवटच्या आळीत एक बाई ओट्यावर बाजरी पाखडत होती, तिच्या पाठीशी एक मूल उभे होते. मी वय विचारले. ती म्हणाली, लहान आहे अजून. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला झाला, येत्या पोळ्याला पाच भरतील. खांदेमळणी म्हणजे बैलांचे खांदे तूपहळदीने चोळण्याचा दिवस. इतका नेमका दिवस सांगणारी आई मला त्या आठवड्यात दुसरी भेटली नव्हती. मी म्हणाले, बसू दे माझ्याजवळ, खेळेल. आणि ओट्यावरच रजिस्टर उघडून, एक जून लिहून, त्याला सहा वर्षे पुरी केली.

संक्रांतीनंतर दुसरे गुरुजी आले. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली.

मूल मात्र राहिले, शिकले. तोवर शाळा सातवीपर्यंत वाढली होती; सातवीनंतर शाळा सोडल्याचा दाखलाही मीच दिला, तीच तारीख उतरवून. पुढे हायस्कूल अर्धवट सोडून तो सैन्यात गेला. भरती कचेरीने तो दाखला पाहिला. लढाईच्या आदल्या वर्षी कागदावर त्याचे वय पुरे झाले आणि ते त्याला घेऊन गेले. मुख्याध्यापकांच्या पत्रानंतर मी हा हिशेब पुष्कळदा मांडला. नोंद खरी असती तर तो सव्वा वर्षाने भरती झाला असता. लढाई पेटली तेव्हा तो कुठल्याशा केंद्रात कवायत शिकत असता. मी गणित उलट बाजूनेही करून पाहिले. उत्तर तेच येई.

शेवटी माघ महिन्यातल्या एका रविवारी मी निघाले. कोणाला कळवले नाही. स्मारक पाहावे, हात जोडावे आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे, एवढेच ठरवले होते. नगरहून मनमाडकडे जाणारी एस.टी. घेतली, कोल्हारला उतरून दुसरी पकडली आणि फाट्यापासून चालत गेले. वाटेत जनावरे जवळजवळ दिसलीच नाहीत. बाभळींचे शेंडे चाऱ्यासाठी छाटलेले होते आणि त्यांचे बुंधेच उभे होते. नदीचे मोठे पात्र कोरडे ठणठणीत होते. अलीकडच्या बाजूला मात्र धरणातून सोडलेल्या पाण्याचा डोह साठला होता आणि त्याच्या पलीकडे ते बेट, त्या करड्या मुलखात एकटेच हिरवे.

डोह ओलांडायला नाव नव्हती, कधीच नव्हती. गूळ शिजवण्याची मोठी लोखंडी काहील असते, तीत बसवून एक म्हातारा भोई माणसे पलीकडे नेई. ऊसच नसल्यामुळे त्या वर्षी गुऱ्हाळे बंद होती आणि काहिलीला दुसरे काम नव्हते. त्याने मला ओळखले, पण लगेच नाही. कपाळावर आडवा हात धरून पाहिले आणि मग म्हणाला,

“बाई व्हय? मला वाटलं कामावर सुकडीचा खाऊ वाटनारी आली. बसा, मधोमध बसा. कडंला बसलात तर दोघांची काकवी हुईल.”

बांबूने काहील लोटता लोटता त्याने गावची हकीकत सांगितली. अनावरणाला कोण कोण आले, कोणाला खुर्ची मिळाली नाही, मास्तरांचे भाषण किती लांबले. मग त्या जवानाच्या आईकडे गाडी वळली. सगळे गाव तिला अक्का म्हणे, मीही म्हणत असे. तो सांगू लागला की अनावरणाच्या दिवशी कोणीतरी दगडावरचा मजकूर तिला वाचून दाखवला, आणि ती भर सभेत उठून म्हणाली की तारीख चुकली आहे, माझे पोर उन्हाळ्यात झालेले नाही. मास्तरांनी समजावले. सरपंचांनी समजावले. पाथरवटाने हात झटकले की लिहून दिले ते मी कोरले. सगळ्यांचे म्हणणे एकच: शाळेच्या वहीत तसे आहे, आणि वही बाईंची आहे. बाईंच्या वहीत चूक निघेल का?

“आता तर तीच इचारती लोकांला,” तो म्हणाला. “कधी झालं वं माझं पोरगं, म्हनून. बाया हसत्यात. दुखानं डोस्कं हाललं तिचं.”

काहील वाळूला लागली.

“ती वरतीच हाय, कामाला. तुमी सांगा तिला नीट, बाई. तुमचं ऐकंल ती. वही तुमची हाय.”

दुष्काळी कामाला सुटी बाजारच्या दिवशी असे, रविवारी नव्हे, हे मी विसरले होते.

काठावर लाकडी फाटक केले होते आणि त्यावर उद्यानाची पाटी होती. आत तीन वाटा फुटत होत्या. दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड ओळीने मांडलेले आणि मध्ये मुरूम. डावी वाट पाण्याच्या कडेने, उजवी म्हसोबाकडे आणि मधली स्मारकाकडे, अशा तिन्ही वाटांच्या तोंडाला बाण होते. मी डावी घेतली. मधल्या वाटेवर टिकावांचे आवाज येत होते.

झाडांना पत्र्याच्या चकत्या ठोकून नावे लिहिली होती. ते काम बहुधा शाळेच्या मुलांकडून करवून घेतले असावे. सादड्याला सादडा लिहिले होते, करंजाला करंज. एका वावळ्याला मात्र ‘साग’ लिहिले होते. पूर्वीची मी असते तर मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली असती. त्या दिवशी त्या चकतीखाली उभी राहून मी पुढे गेले.

वाट चांगली केली होती. चढाला पायऱ्या होत्या, उताराला मुरूम घट्ट चोपलेला. मी मुलांना नेत असे तेव्हा ही वाट नव्हती. आम्ही करवंदीच्या जाळ्या चुकवत, एकमेकांच्या सदऱ्याची टोके धरून रांगेने जात असू. पहिल्या वनभोजनाला तो मुलगाही होता. जेवण होईपर्यंत ठीक. नंतर इतर मुले सूरपारंब्या खेळू लागली आणि तो माझ्या पदराला डोके लावून झोपला. परत येताना मी त्याला कडेवर घेतले. पहिलीच्या वर्गात कडेवर घ्यावे लागणारे ते एकच मूल होते. त्या दिवशी कोणी पाहणारे असते तर तेवढ्यावरून त्याला मुलाचे वय कळले असते. पण पाहणारी मोठी मी एकटीच होते.

दुपारची सुटी झाली तसे टिकावांचे आवाज थांबले आणि मी स्मारकाकडे वळले. जांभळाच्या सावलीत दहा-बारा बाया आणि मुकादम भाकरी सोडून बसले होते. मला कोणी अडवले नाही. सावलीच्या पलीकडे मोकळ्या चौकात काळ्या दगडाचा चौथरा होता. त्यावर पुरुषभर उंचीचा दगड. वरच्या बाजूला उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण कोरले होते. खाली त्याचे नाव, गाव, पद. त्याखाली जन्म आणि त्याखाली मृत्यू. मी सवयीने वरून खाली सावकाश वाचले. अक्षरे चांगली कोरली होती. दोन तारखांमध्ये साडेएकोणीस वर्षांचे अंतर होते.

चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, इतर बायांपासून वेगळी, अक्का बसली होती. तिने मांडीवर फडके उघडले होते आणि त्यात मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबूस भाकरी होती. मला पाहून ती उठली नाही. जागा करून दिली. मी तिच्याशेजारी बसले.

तिने मी कुठे असते, एवढ्या उन्हाची कशी आले, हे सगळे रीतीने विचारले. मीही रीतीने उत्तरे दिली. मग तिने दगडाकडे हनुवटी केली.

“वाचलं?”

“वाचलं.”

“तुमी इमानानं सांगा, बाई. माझं पोरगं उन्हाळ्यात झालं व्हय? मला आठवतं, अंगणात बैल हुते, सासऱ्याच्या हाताला हळद हुती आन् पाऊस झिमझिम करीत हुता. पर सगळे म्हनत्यात न्हाई. आता रातीला पडल्या पडल्या मलाच वाटतं, ते थोरल्या जावंच्या पोराचं आसंल. माझं न्हाई आठवत मला.”

ती भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे पाहत होती. मी एक शब्द बोलले असते, ‘लिहिलंय तेच खरं,’ तर तिने तो मानला असता. तिने जन्म दिला ती दुपार तिच्यापासून कायमची गेली असती आणि माझी नोंद शाबूत राहिली असती.

“तुम्हांला बरोबर आठवतं,” मी म्हणाले. “पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही मला ओट्यावर तसंच सांगितलं होतं. मीच खोटं लिहिलं.”

तिने डोळे मिटले. मग भाकरी फडक्यावर ठेवून ती उठली, माझे मनगट धरले आणि मला जांभळाखाली नेले. वर्गात मूल दुसऱ्या मुलाला तक्रारीसाठी बाईंकडे ओढून आणते, अगदी तसे.

“सांगा यांला,” ती म्हणाली.

मी सांगितले. उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे. की अक्का म्हणते तोच दिवस खरा आहे. दगडावरची तारीख माझ्या मनची आहे. तिचे डोके ठिकाणावर आहे. बायांचे घास थांबले. एकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मुकादमाने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की जाऊ द्या बाई, कागदावर असते तेच खरे, आमची सगळ्यांचीच एक जून आहे.

“तुमची आसंल,” अक्का म्हणाली. “माझ्या पोराची न्हाई.”

कोणी हसले नाही. परत येताना तिने माझे मनगट सोडले नव्हते, पण धरणे बदलले होते. चौथऱ्याशी बसून तिने भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर लसणाची चटणी. त्या वर्षी अर्धी भाकरी म्हणजे काय, हे त्या वर्षी जगलेल्यांना सांगायला नको. ती बोलू लागली. पाऊस, बैल, हळद, सुईण उशिरा आली ती, सासऱ्याने बाहेरून विचारले ते. एकदा हरवून सापडलेली गोष्ट माणूस जशी पुन्हा पुन्हा चाचपते, तशी ती एकेक तपशील चाचपून ठेवत होती. मध्येच म्हणाली, देव तुमचं भलं करील, बाई.

येथे मी थांबू शकले असते. तिला हवे होते ते मिळाले होते. आणि मलाही, कारण बारा वर्षांत त्या गावात माझ्या हातावर कोणी आपल्या ताटातली भाकरी ठेवली नव्हती. पण भाकरी माझ्या हातातच राहिली. तिला अर्धेच ठाऊक होते आणि त्या अर्ध्यावर ती मला आशीर्वाद देत होती.

म्हणून मी उरलेले सांगितले. प्रश्न सोडवून दाखवावा तसे, पायरी पायरीने: दुसरा शिक्षक, पट, एक मूल कमी. दाखला. भरती. सव्वा वर्ष. ते सव्वा वर्ष मध्ये नसते तर लढाईच्या दिवसांत तो कुठे असता.

सव्वा वर्ष तिने बोटांवर मोजले. पोळा, दिवाळी, संक्रांत, शिमगा, अशी सणांवरून मोजत पुढच्या पोळ्याच्या पलीकडे गेली आणि थांबली. सादड्यांवर पोपट ओरडत होते. तिकडे मुकादमाने शिटी मारली आणि बाया उठू लागल्या.

“आला का मंग दुसरा गुर्जी?” तिने विचारले.

“आला. वर्षाच्या आत गेला.”

तिने चौथऱ्याच्या कडेवरून बोट फिरवले.

“एकल्या हुत्या तुमी. दिसायचं आमाला,” ती म्हणाली. “माझ्या घरी येऊन बसायचं हुतं. पोरगं कशाला नेलं?”

तिने फडक्याला गाठ मारली, मातीची पाटी उचलली आणि मधल्या वाटेने कामावर निघून गेली. ती रागाने गेली असे मी म्हणणार नाही; तिची चाल नेहमीची होती. अर्धी भाकरी माझ्या हातात होती. ती परत मागावी असे तिला वाटले नाही आणि खावी असे मला. मी ती कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि उजव्या वाटेने, म्हसोबाकडून, लांबून काठावर आले. भोयाने विचारले, पटलं का अक्काला? मी म्हणाले, तिचंच खरं आहे. त्याने बांबू रोवून काहील लोटली.

त्या आठवड्यात मी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. घडले ते सगळे लिहिले, नोंद दुरुस्त करावी अशी विनंती केली आणि शिक्षा होईल ती मान्य असल्याचे कळवले. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर रजिस्टरातील जन्मतारीख बदलता येत नाही; सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. शिक्षेबद्दल एक अक्षर नव्हते. अर्जाची एक प्रत मी सरपंचांना पाठवली होती. त्यांचे उत्तर आले नाही. दगडावर जे होते तेच राहिले असावे. मी पाहायला गेले नाही.

पुढच्या जूनपासून पटनोंदणीला निघताना मी पिशवीत मागच्या दहा वर्षांची पंचांगे बांधून नेऊ लागले. आई म्हणे, नागपंचमीला झाला. मी ते साल शोधे, ती तिथी शोधे, तिच्यासमोर इंग्रजी तारीख काढे आणि तिला वाचून दाखवे. एकेका घरी अर्धा-पाऊण तास जाई. माझे सहकारी हसत, कारण त्यांचे गाव दुपारच्या आत संपे. पंचांगात तारीख मिळेपर्यंत बायका मला बसायला पोते देत, चहा टाकत आणि इकडचे तिकडचे बोलत. मी शेवटपर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, असेच केले. वय कमी पडले तर मूल त्या वर्षी घेत नसे, मग पट कितीही राहो. तीन गावांत मी पुन्हा एकशिक्षकी राहिले.

अक्काच्या घरी मात्र मी कधी गेले नाही. तिने बोलावले होते की नव्हते, हे तिच्या त्या वाक्यावरून मला अजून ठरवता आलेले नाही.